वीचोरेक यांच्या नावाने

फेब्रुवारी सरता सरता मी या घरात आले
तेव्हा पत्रपेटीवर त्यांचं नाव होतं.
नखाने निघेना, म्हणून त्यावरच माझं चिकटवलं:
हाल्बाख.
त्यांचं पहिलं अक्षर अजून कडेने डोकावतं.

मग दंड यायला लागले.
राखाडी पाकीट, खिडकीवालं,
खिडकीत पत्ता माझा, माणूस दुसरा:
श्री. नॉर्बर्ट वीचोरेक, तिसरा मजला, डावीकडे.

पहिलं परत पाठवलं. दुसरंही.
"या पत्त्यावर राहत नाहीत"
ठळक, जवळजवळ उद्धट अक्षरात.
पालिकेत फोन केला, तर तिथल्या मुलीने
माझीच जन्मतारीख विचारली,
जणू चूक कुठेतरी माझ्यातच नोंदवायची होती.
महिनाभर मी त्यांच्या नावाने बोटं मोडली,
इस्पितळाच्या धुलाईखान्यात, रबरी हातमोज्यांतून,
चादरींना घड्या घालता घालता.

तिसरं फोडलं.
कुणी विचारलं तर म्हणेन, वीजबिलासोबत चुकून.

आत फोटो.
जानेवारीतली पहाट, एप्रिलमध्ये पोचलेली.
तीन वाजून बावन्न. तीसच्या रस्त्यावर एक्केचाळीस.
पन्नास युरो.
चाकामागे जाड चष्मा,
कोटाखालून निसटलेली पायजम्याची कॉलर,
तोंड उघडं.
ओरडत होते, की गात होते,
की शेजारच्या आसनाशी बोलत होते?
शेजारच्या आसनावर काळा चौकोन.
कायदाच आहे तसा:
सोबत बसलेल्याने काही केलेलं नसतं,
म्हणून त्याचा चेहरा पुसायचा.

खालच्या मजल्यावर गुंडोग्दू बाई.
त्या म्हणाल्या, "चांगला माणूस.
त्याची पाळी असली की जिना दोनदा पुसायचा."
आणि?
"आणि काय. शेवटी शेवटी तिला चढवेना,
खुर्चीत बसवून वर आणायचा, दोन्ही हातांवर.
प्रत्येक वळणावर थांबून
'देखावा बघ' म्हणायचा.
जिन्यात कसला आलाय देखावा?
गॅसचे मीटर."
कोण ती, हे विचारेपर्यंत
त्यांची चहाची किटली शिट्टी घालू लागली.

तेव्हापासून मी जिना चढते
ती वळणावर थांबत.
मीटर सहा आहेत. एक बंद.

चौथं पाकीट पिवळं.
पिवळ्यावर पोस्टमनला तारीख लिहावी लागते, पेनाने,
म्हणजे मिळालंच नाही असं म्हणता येत नाही.
तोच रस्ता, उलट दिशा.
सकाळचे सहा दहा. छत्तीस.
मी इथे येण्याच्या एकोणीस दिवस आधी.
चष्मा तोच. तोंड मिटलेलं.
शेजारी काळं काहीच नाही.
पुसण्यासारखं कुणी नव्हतं.
आसनावर एक हँडबॅग,
पट्टा लावून बसवलेली.

रविवारी गेले.
आमच्या गावात आगगाडीसुद्धा टांगणीला लागलेली,
खाली नदी, वर रूळ, मध्ये आपण डुलत.
उतरून चढ चढले.
बालवाडीच्या कुंपणाशी तो राखाडी खांब,
दोन्ही बाजूंना काच, कुठलीच पापणी नाही.
कुंपणाला कागदी ट्यूलिप, ओले होऊन लोंबणारे.
पलीकडे दोन वळणांवर इस्पितळ;
माझं नव्हे, दुसरं.

मी त्याच्यासमोरून चालत गेले.
परत आले.
मग, लाज वाटत असूनही, जरा धावले,
एकसष्ट वर्षांचे गुडघे, खांद्यावर पर्स आपटत.
काही लकाकलं नाही.
समोरच्या गच्चीतला म्हातारा
कुंडीत पाणी ओतायचा थांबला, एवढंच.

गुंडोग्दू बाईंना नवा पत्ता ठाऊक नाही.
"उत्तरेकडे कुठेतरी, बहिणीकडे,
नाहीतर बहिणीच्या बागेतल्या खोलीत."

पिवळं पाकीट टेबलावर आहे, मिठाच्या बरणीखाली.
मुदत चौदा दिवस.
नऊ उरलेत.